भीक नको, पण कुत्रा आवर : एका वर्कहाउसचे रुग्णालय कसे झाले

लंडनच्या गूज स्ट्रीट स्टेशनातून बाहेर पडून पश्चिमेकडे थोडे चालले की क्लीव्हलंड स्ट्रीट लागतो. मान वर केली की बीटी टॉवर दिसतो, आणि खाली रस्त्याच्या कडेला काळवंडलेल्या विटांची एक चार मजली इमारत. तिला ना नक्षी, ना खांब, ना कमान. एकसारख्या खिडक्यांच्या रांगा तेवढ्या आहेत. वरून पाहिले तर इंग्रजी ‘एच’ अक्षराचा आकार. कॉव्हेंट गार्डनच्या सेंट पॉल पॅरिशने १७७० च्या दशकात आपल्या हद्दीतले गरीब ठेवण्यासाठी ती बांधली, तेव्हा आजूबाजूला शेते होती. पुढे तिथे व्हिक्टोरिया राणीच्या काळातले कुप्रसिद्ध वर्कहाउस चालले, नंतर आजाऱ्यांचा आश्रम, त्यानंतर रुग्णालय. बांधली तेव्हापासून २००५ पर्यंत, म्हणजे सव्वादोनशेहून अधिक वर्षे, ती या ना त्या नावाने गरिबांच्या आणि आजाऱ्यांच्याच कामी आली.

ब्रिटनमध्ये अशा इमारती शेकड्यांनी आहेत. लीड्सचे सेंट जेम्सेस, लंडनचे सेंट पँक्रस ही आजची नावे संतांची, पण मुळे वर्कहाउसची. गरिबाला घाबरवून लांब ठेवायला उभारलेल्या वास्तूत आजाऱ्याला अंथरूण कसे मिळाले? कोणी एके दिवशी ठरवून हा बदल केलेला नाही. यंत्र ज्या कामासाठी बनवले ते काम त्याला जमले नाही, आणि न जमण्यातून दुसरेच काही तयार झाले.

आधी ते यंत्र पाहू. इंग्लंडमध्ये १६०१ च्या कायद्यापासून गरिबांचा भार पॅरिशवर असे. पॅरिश म्हणजे एका चर्चभोवतीचा इलाखा. तिथले घरमालक आणि जमीनधारक कर भरत आणि त्यातून विधवेला चार पैसे, म्हाताऱ्याला पाव, कोणाला जोडे असे घरपोच मिळे. १८३० च्या सुमारास हा खर्च वर्षाला ७० लाख पौंडांच्या घरात गेला आणि करदाते कुरकुरू लागले. चौकशी आयोग बसला. नॅसॉ सीनियर हा अर्थशास्त्रज्ञ आणि एडविन चॅडविक हा कामाचा उरक दांडगा असलेला माणूस, या दोघांनी अहवाल लिहिला आणि १८३४ मध्ये नवा कायदा आला. सुमारे १५,००० पॅरिशची मोट बांधून सहाशेच्या आसपास ‘युनियन’ झाल्या. प्रत्येक युनियनवर करदात्यांनी निवडलेले गार्डियन्सचे मंडळ आणि प्रत्येक युनियनला एक वर्कहाउस. अंगात ताकद असलेल्याला मदत हवी असेल तर ती फक्त या चार भिंतींच्या आत मिळेल, घरी काही पोचणार नाही, असा दंडक घातला गेला. स्थानिक मंडळांनी तो कधी पाळला, कधी वाकवला, पण रोख तोच राहिला.

या दंडकामागचे तत्त्व असे : आत राहणाऱ्याची स्थिती बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही वाईट असली पाहिजे. मग खरा गरजू असेल तोच दार ठोठावेल, बाकीचे आपोआप गळतील. चौकशीला माणूस नको, पुरावा नको, इमारतच परीक्षा घेईल. आपल्याकडे याला पाच शब्दांची म्हण आहे. भीक नको, पण कुत्रा आवर. १८३४ च्या कायद्याने तो कुत्रा सरकारी खर्चाने दारात बांधला.

आता यातली मेख पाहा. बाहेरचा सर्वांत गरीब मजूर तर अर्धपोटी जगत होता. त्याहून वाईट म्हणजे किती वाईट? कायद्याने कोणाला उपाशी मारता येत नाही. उलट आत ठरल्या वेळी पाव, पेज आणि आठवड्यातून काही वेळा मांस मिळे, म्हणजे बाहेरच्यापेक्षा पोटाचा भरवसा जास्तच. पोटावर मारता येईना तेव्हा मारण्यासाठी दुसऱ्या जागा शोधल्या गेल्या : कुटुंब, कपडे, वेळ आणि अब्रू.

कसे ते प्रवेशापासूनच दिसते. माणूस आधी युनियनच्या मदत अधिकाऱ्याकडे जाई. त्याची चिठ्ठी घेऊन फाटकाशी. तिथे स्वागत-खोलीत कपडे उतरवून घेत, अंघोळ घालीत, कपडे धुरी देऊन गाठोड्यात बांधून ठेवीत आणि अंगावर संस्थेचा गणवेश चढवीत. मग वर्गवारी होई. सात वर्ग होते : थकलेले पुरुष, धडधाकट पुरुष, मुलगे, तशाच तीन रांगा बायकांच्या आणि सात वर्षांखालची पोरे. प्रत्येक वर्गाचे अंगण वेगळे. नवरा एका भिंतीपलीकडे, बायको दुसऱ्या, मुले तिसऱ्या. साठी ओलांडलेल्या नवराबायकोला एकत्र खोली मागता येईल, एवढी सवलत १८४७ मध्ये मिळाली, आणि तीही बऱ्याच ठिकाणी कागदावरच राहिली. हा तुरुंग नव्हता. तीन तासांची सूचना देऊन कोणालाही बाहेर पडता येई, फक्त कुटुंबाच्या कर्त्याने आपली बायकापोरे बरोबर न्यायची. दार उघडे ठेवून माणसाला डांबणे ही या व्यवस्थेची खरी कारागिरी.

उन्हाळ्यात सहाच्या सुमाराला घंटा, मग प्रार्थना आणि न्याहारी. सात ते बारा काम, तासभर जेवण, पुन्हा सहापर्यंत काम, आठला झोप. काम कसले, तर दगड फोडणे, किंवा डांबर माखलेले जहाजांचे जुने दोरखंड बोटांनी उसवून त्यांचा पिंजा करणे. तो पिंजा जहाजाच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायला जाई. काही ठिकाणी खतासाठी हाडे कुटायला लावीत. हॅम्पशायरमधल्या अँडोव्हर इथे भुकेले कैदी (कैदीच म्हणतो, दुसरा शब्द सुचत नाही) त्या कुजक्या हाडांवरचा गर चोखतात असे १८४५ मध्ये उघडकीला आले. चौकशी झाली, आणि त्या गदारोळात वर्कहाउसांवर देखरेख करणारे कमिशनच १८४७ मध्ये बरखास्त होऊन त्याच्या जागी बोर्ड आले. धाकाचे तत्त्व मात्र तसेच राहिले.

हे तत्त्व बोटीत बसून दख्खनवरही आले. १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल या ब्रिटिश अधिकाऱ्याने सरकारी दुष्काळी कामांवरची मजुरी उतरवून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर आणाभर एवढ्यावर आणली. कारण तेच : खरा गरजू असेल तोच येईल. मुंबई इलाख्यातले मजूर कामे सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे एवढेच, की क्लीव्हलंड स्ट्रीटची भिंत आपल्यापासून वाटते तितकी दूर नाही.

या परीक्षेला एक भोक होते. धाक कोणाला दाखवता येतो? ज्याला पाय आहेत आणि पळून जायला दुसरी जागा आहे त्याला. धडधाकट गडी वर्कहाउसला खरोखरच भ्यायला, आणि जमेल तितके दिवस लांब राहिला. आत आले ते न येणे परवडत नव्हते असे लोक. क्षयाचा रोगी, अर्धांग झालेला म्हातारा, पोटुशी मोलकरीण, वेड लागलेली बाई, पोरकी मुले. गाळण उलटी लागली होती. मजुरांसाठी बांधलेल्या इमारती आजाऱ्यांनी भरल्या. १८६० च्या सुमारास इंग्लंडमधल्या शारीरिक आजारांच्या दर पाच खाटांपैकी जवळपास चार वर्कहाउसांत होत्या असा इतिहासकारांचा अंदाज आहे. देशातली सर्वांत मोठी रुग्णालय-व्यवस्था उभी राहिली होती आणि तिला कोणी रुग्णालय म्हणत नव्हते.

मग खरी रुग्णालये काय करत होती? क्लीव्हलंड स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच, मॉर्टिमर स्ट्रीटवर, मिडलसेक्स हॉस्पिटल होते. स्थापना १७४५ ची, देणग्यांवर चालणारे, नामांकित डॉक्टरांचे. पण अशा धर्मादाय रुग्णालयात शिरायला सहसा एखाद्या देणगीदाराची शिफारसचिठ्ठी लागे, आणि रोग बरा होण्याजोगा असावा लागे. देणगीदारांना दरवर्षी आकडे दाखवायचे असत : इतके आले, इतके बरे होऊन गेले. जुनाट दुखणे, साथीचा ताप, म्हातारपण हे त्या आकड्यांना बाधक. अशांना दारातून परत पाठवीत, आणि ते दोन वळणे घेऊन वर्कहाउसच्या फाटकाशी येत. एका रस्त्यावर दोन इमारती, एकीत बरे होणारे आणि दुसरीत उरलेले. ही वाटणी ध्यानात ठेवावी, शेवटी ती पुन्हा भेटणार आहे.

१८३६ पासून क्लीव्हलंड स्ट्रीटची इमारत स्ट्रँड युनियनकडे होती. १८५६ मध्ये तिथे जोसेफ रॉजर्स नावाचा डॉक्टर नेमला गेला. सोहोमध्ये त्याचा खासगी दवाखाना होता. वर्कहाउसचा पगार वर्षाला ५० पौंड. आणि औषधे? ती डॉक्टरने या ५० पौंडांतूनच आणायची. हा हिशेब नीट समजून घ्या, कारण अनेक ठिकाणी तो असाच होता. रोग्याला जितके चांगले औषध द्याल तितका तुमचा पगार कमी. दुसऱ्या टोकाला गार्डियन्स, म्हणजे आसपासचे दुकानदार-घरमालक, कर वाढू नये म्हणून निवडून आलेले. रोग्याच्या बऱ्या होण्यात ज्याचा आर्थिक फायदा आहे असा माणूस त्या साखळीत एकही नव्हता. मंडळी दुष्ट होती की नव्हती हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. देवमाणूस जरी त्या खुर्चीत बसवला असता तरी व्यवस्थेने त्याला कंजूष केले असते.

रॉजर्सने पुढे आपल्या आठवणी लिहिल्या. तो वारल्यावर १८८९ मध्ये त्या पुस्तकरूपाने आल्या. त्यांतले चित्र असे : पाचशेच्या वर माणसे, खाटा एकमेकींना खेटून. धोबीखाना तळघरात, त्याची वाफ वर जेवणघरात. अंगणात बाहेरच्या गिऱ्हाइकांचे गालिचे झोडपण्याचा धंदा, त्यातून मंडळाला उत्पन्न. धूळ थेट आजाऱ्यांच्या खिडक्यांवर, म्हणून खिडक्या उघडायची सोय नाही. पगारी नर्स एकही नाही. शुश्रूषा करायच्या त्या तिथल्याच म्हाताऱ्या आश्रित बायका, बहुतेकींना लेबल वाचता येत नसे, आणि मेलेल्याला आवरून ठेवण्यासारख्या कामांचा मोबदला बिअर किंवा जिनमध्ये मिळे. कुमारी माता बाळंत झाली तर तिला नऊ दिवस नुसत्या पातळ पेजेवर ठेवायचे, असा मंडळाचा दंडक. पापाची शिक्षा बाळंतिणीच्या ताटात वाढलेली. वर देखरेख करणारा मास्तर पूर्वीचा पोलीस शिपाई.

रॉजर्स भांडत राहिला. खाटांतले अंतर, धोबीखाना, नर्स अशा एकेका गोष्टीसाठी त्याने मंडळाशी वाद घातले. लुइसा ट्विनिंग ही चहाच्या प्रसिद्ध घराण्यातली बाई १८५३ पासूनच या वर्कहाउसात एका म्हातारीला भेटायला येत होती. नियमित भेटीची परवानगी मंडळाने नाकारली, तेव्हा तिने आणखी बायकांना जमवून १८५८ मध्ये वर्कहाउसांना भेटी देणारी संस्थाच काढली. तरी गाडा हलला तो दोन मृत्यूंनंतर. डिसेंबर १८६४ मध्ये टिमथी डेली हा आयरिश मजूर वारला, पुढच्या वर्षी रिचर्ड गिब्सन. दोघेही लंडनच्या वर्कहाउसांतले आजारी, दोघांच्याही अंगावर पडून पडून चिघळलेल्या जखमा. वर्तमानपत्रांनी प्रकरण लावून धरले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने सरकारची वाट न पाहता स्वतःचे तीन डॉक्टर लंडनच्या वर्कहाउसांत पाठवले आणि अहवाल छापत सुटले. त्या तिघांतला अर्नेस्ट हार्ट आणि रॉजर्स यांनी १८६६ मध्ये सुधारणेसाठी संघटना उभी केली. चार्ल्स डिकन्सने तिला पाठिंबा दिला.

डिकन्सला ही इमारत वाचून माहीत नव्हती. लहानपणी, आणि पुन्हा तारुण्यात, त्याचे कुटुंब याच रस्त्यावर, इथून काही दारे सोडून, राहिले होते. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधले वर्कहाउस हेच, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण सावली इथली असावी असे रूथ रिचर्डसन या इतिहासकार बाईंनी साधार मांडले आहे.

१८६७ चा महानगर गरीब कायदा हा या साऱ्याचा परिणाम, आणि माझ्या मते खरे वळण तेच. मंत्री गॅथॉर्न हार्डी याने संसदेत मान्य केले की आजाऱ्याला धाकाचा न्याय लावता येत नाही. पण कायद्यातली कळ भाषणात नव्हती, पैशात होती. सगळ्या लंडनचा मिळून एक सामाईक निधी केला गेला. औषधे आणि डॉक्टर-अधिकाऱ्यांचे पगार त्यातून द्यायचे. म्हणजे श्रीमंत वस्तीचा कर गरीब वस्तीच्या औषधाला. कालपर्यंत औषध दिले की डॉक्टरचा किंवा मंडळाचा खर्च वाढे, आता निधीतून ते न घेतले तर मंडळाचे नुकसान. शिवाय साथीचे रोगी आणि वेडे यांच्यासाठी वेगळे बोर्ड नेमले गेले, आणि आजारी लोकांना वर्कहाउसपासून सोडवून वेगळ्या इमारतीत नेण्याची वाट मोकळी झाली. रॉजर्सला याचे बक्षीस काय? पुढच्याच वर्षी त्याची नोकरी गेली.

शुश्रूषेचे कोडे लिव्हरपूलने सोडवले. विल्यम रॅथबोन या धनिकाने स्वतःच्या खिशातून पैसे घातले आणि १८६५ मध्ये ब्राउनलो हिल वर्कहाउसात अॅग्नेस जोन्स ही फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या शाळेत शिकलेली बाई डझनभर नर्सेस घेऊन दाखल झाली. तीन वर्षांत, पस्तिशीतच, टायफसने ती तिथेच गेली. तोवर मंडळाने नर्सेसचा खर्च स्वतःकडे घेतला होता.

१८७० च्या दशकात क्लीव्हलंड स्ट्रीटमधले धडधाकट आश्रित एडमंटनला हलवले गेले आणि मागे उरले आजारी. पाटी बदलली : सेंट्रल लंडन सिक असायलम. लंडनभर असेच होत गेले. आजाऱ्यांसाठी स्वतंत्र इमारती, निवासी डॉक्टर, पगारी नर्स, पुढे शस्त्रक्रियागृहे. पण जो तिथे जाई तो कायद्याने अजून कंगालच ठरे, आणि कंगालाला मत नसे. खोकल्याचे औषध घेतले की मताधिकार गेला. ही अट फक्त औषधोपचारापुरती १८८५ मध्ये निघाली. लाजेचा दुसरा धागा जन्मदाखल्यात होता. १९०४ पासून वर्कहाउसात जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर संस्थेचे नाव न घालता नुसता पत्ता घालू लागले. लिव्हरपूलमध्ये तो १४४ए, ब्राउनलो हिल असा असे. आणि मरणाचीही भीती होतीच. १८३२ च्या कायद्याने वर्कहाउसात वारलेल्याचे बेवारस प्रेत वैद्यकीय महाविद्यालयात चिरफाडीला जाऊ शके.

पुढचे टप्पे कागदावरचे आहेत, भरभर सांगतो. १९१३ मध्ये ‘वर्कहाउस’ हा शब्द सरकारी दप्तरातून गेला. १ एप्रिल १९३० ला गार्डियन्सची मंडळे संपली आणि इमारती कौंटी व शहर परिषदांकडे आल्या. ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तिला धर्मादाय रुग्णालयांच्या सुमारे ९०,००० खाटा मिळाल्या, तर पालिका-परिषदांकडून सुमारे ३,९०,०००. या दुसऱ्या आकड्यातल्या खाटांचा मोठा वाटा जुन्या गरीब कायद्याच्या इमारतींतला होता. नव्या सेवेचे तोंड मिडलसेक्ससारख्या रुग्णालयांचे असले तरी अंग वर्कहाउसांचे होते.

त्या अंगात काय साचले होते ते मार्जरी वॉरनने पाहिले. ही लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयातली डॉक्टर. १९३५ मध्ये शेजारच्या जुन्या वर्कहाउसचे ७१४ रोगी तिच्या ताब्यात आले, बहुतेक म्हातारे, कित्येक वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले. कोणाला काय झाले आहे हे कोणी कधी तपासलेच नव्हते. तिने एकेकाला तपासले, निदान केले, बिछान्यातून उठवले, चालायला लावले, भिंती उजळ रंगवून घेतल्या. पुष्कळ जण घरी गेले आणि खाटांची गरज २४० वर आली. ब्रिटनमध्ये वृद्धांचे वैद्यक ही शाखा इथून सुरू झाली, नि तिची प्रयोगशाळा वर्कहाउस होते. ब्रिटिश डॉक्टरांना या शाखेत फारशी प्रतिष्ठा दिसली नाही. १९५०-६० च्या दशकांपासून तिच्या जागा मोठ्या प्रमाणात भारतीय उपखंडातून गेलेल्या डॉक्टरांनी भरल्या. त्यांना वॉर्डात एक गोष्ट चमत्कारिक वाटली असेल : ब्रिटिश म्हातारेकोतारे ‘मला तिथे नेऊ नका’ म्हणून रडत. पाटी सेंट अमुक हॉस्पिटलची, पण त्यांच्या डोळ्यांपुढे फाटक जुनेच.

क्लीव्हलंड स्ट्रीटची इमारत १९२० च्या दशकात शेजारच्या मिडलसेक्स हॉस्पिटलनेच घेतली. ज्यांनी एकेकाळी जुनाट रोगी त्या दारी पाठवले, त्यांचाच बाह्यरुग्ण विभाग तिथे आला. मिडलसेक्सचा डौल मोठा होता. मुंबईत जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेला रुड्यार्ड किपलिंग १९३६ मध्ये वारला तो तिथेच. २००५ मध्ये दोन्ही बंद झाली. वर्कहाउस पाडायचे घाटत होते, तेव्हा स्थानिक रहिवासी आणि इतिहासकारांनी ओरड केली. डिकन्सचे घर जवळच असल्याचे तेव्हाच पुढे आले, आणि मार्च २०११ मध्ये इमारतीला वारसा म्हणून संरक्षण मिळाले. आता तिथे निवासी सदनिका आहेत. नामांकित मिडलसेक्स हॉस्पिटल २००८ मध्ये पाडले गेले. त्याचे प्रार्थनामंदिर आणि थोडा दर्शनी भाग तेवढा उरला आहे.